मागच्या भिंतीपलीकडची नदी

(रौप्यमहोत्सवी वर्धापनदिनी ज्येष्ठ सभासदांच्या मनोगताच्या कार्यक्रमात केलेलं भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिलं आहे. बोलताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी यात घातल्या आहेत.)



समितीनं मला विषय दिला होता 'बँकेतील सदतीस वर्षे'. मी दोन दिवस टिपणं काढली. तिसऱ्या दिवशी आमच्या सौभाग्यवतींनी ती वाचली आणि म्हणाल्या, "हे ऐकायला लोक वडे खायचे थांबतील असं तुम्हाला खरंच वाटतं का?" तेव्हा विषय बदलला. आज मी मासे धरण्यावर बोलणार आहे. म्हणजे समुद्रावरची कोळ्यांची मासेमारी नव्हे. आपल्या मागच्या भिंतीपलीकडून जे पाणी वाहतं, त्यात गळ टाकून धरायचे मासे. आमचं आडनाव आणि हा विषय यांचा मेळ बसत नाही हे मला ठाऊक आहे. तो आमच्या घरातसुद्धा कधी बसला नाही.

पहिली गोष्ट म्हणजे तो नाला नाही. आपण सगळे 'नाल्याकडची विंग', 'नाल्याचा वास', 'नाल्यावरचे डास' असं म्हणतो, आणि 2000 साली फ्लॅट घेताना नाल्याकडची बाजू म्हणून बिल्डरशी भावात घासाघीसही आपणच केली. माहितीपत्रकावर मात्र त्यानं 'रिव्हर व्ह्यू' छापलं होतं. त्या माहितीपत्रकातलं तेवढं एक वाक्य खरं होतं! ही रामनदी. भुकूमजवळ खाटपेवाडीच्या तलावाकडून ती निघते, भूगावचा मानस तलाव, बावधन असं करत पाषाण तलावात येते, तिथून पाषाण, सोमेश्वरवाडी, बाणेर करत औंधाजवळ मुळेला मिळते. सगळी मिळून अठरा-एकोणीस किलोमीटर. उन्हाळ्यात पूर्वीही तिची धार बारीक व्हायची, पण डोह राहायचे. डोह राहिले म्हणजे मासे राहतात.

माझे वडील पाषाणच्या एका सरकारी प्रयोगशाळेत कारकून होते. पाषाण गावात दोन खोल्या भाड्यानं होत्या. मी सांगतोय ती 1959-60 ची गोष्ट, मी नऊ-दहा वर्षांचा. पुणे तेव्हा विद्यापीठापाशी संपायचं, आणि आम्ही 'पुण्याला जाऊन येतो' असं म्हणायचो. शाळा सुटली की नदी. पोहणं, खेकडे, चिंचा, आणि एके दिवशी आबा.

आबा आमचे कुणी नव्हते. भोई समाजातले, साठीच्या आसपासचे गृहस्थ. धंद्याचं जाळं ते मुळेवर टाकायचे. रामनदीवर यायचे ते गळ घेऊन, हौसेखातर, संध्याकाळचे. डोक्याला मुंडासं, तोंडात विडी, आणि बोलणं जवळजवळ नाहीच. मी चार दिवस मागं उभा राहून बघत होतो. पाचव्या दिवशी त्यांनी मान न वळवता विचारलं, "गांडूळ धरता येतं का रं?" मी हो म्हणालो. ते खोटं होतं. पण त्या खोट्यावर माझं पुढचं शिक्षण झालं.

आताच्या मुलांना गळ म्हटलं की फिरकीचा चकचकीत रॉड दिसतो. आमची काठी म्हणजे कळकाचा सात-आठ फुटी शेंडा, सावलीत वाळवलेला. उन्हात वाळवला तर चिरतो. दोरा आधी शिवणाचा सुती, मेण लावून पिळलेला. तंगूस मिळायला लागलं ते नंतर. गळाचे आकडे बोहरी आळीत मिळायचे. बुडीसाठी शिशाचा तुकडा दातानं दाबून बसवायचा (आज कुणी असं करू नका, शिसं विषारी असतं). आणि तरंगायला ज्वारीच्या ताटाचा दोन बोटं तुकडा. यातली खरी विद्या त्या तुकड्यात आहे. तो पाण्यावर कसा हलतो त्यावरून खाली कोण आहे हे ओळखायचं.

खवली असेल तर तुकडा नुसता थरथरतो. ती टोचून टोचून खाते, आणि तुम्ही घाई केलीत की आमिष जातं, मासाही जातो. तिच्यासाठी गांडूळ नको, कणकेची हरभऱ्याएवढी गोळी, आणि पाणी नितळ. शिंगटी तुकडा एकदम खाली ओढते, गढूळ पाण्यात, पहिल्या पावसानंतर. ती लागली की आनंद व्हायचा आणि भीतीही वाटायची. तिच्या पाठीवर एक आणि दोन्ही कल्ल्यांच्या मागं एकेक काटा असतो, करवतीसारखा. जिवंत शिंगटी मुठीत धरली की काटे ताठ होतात. मी एकदा धरली. हात कोपरापर्यंत ठणकत होता आणि आबा शांतपणे विडी ओढत म्हणाले, "आता परत न्हाई धरणार." बँकेत प्रशिक्षण विभागात मी चार वर्षं काढली. इतका कमी शब्दांचा आणि इतका टिकाऊ अभ्यासक्रम आम्हाला कधी बनवता आला नाही.

वाम वेगळीच. तुकडा हळू तिरका होतो, हळूच चालायला लागतो, जणू कुणी हाताला धरून नेतंय. तेव्हा जर ओढलं नाहीत तर ती दगडाखाली जाते आणि शेपटी अडकवून बसते. मग दोरा तुटेल, वाम येणार नाही. दिसायला सापासारखी, तोंड लांबुडकं, पाठीवर बारीक काट्यांची रांग. आमच्या वर्गातली निम्मी मुलं तिला सापच समजायची आणि आम्ही तो समज मुद्दाम वाढवायचो.

पण मला सगळ्यांत आवडायचा तो मळ्या. हा गळाला फारसा लागत नाही, कारण तो आमिष खायला फिरत नाही. वीतभरही नसतो. वाहत्या पाण्यात दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. त्याच्या हनुवटीखाली एक चकती असते. तिनं तो दगडाला चिकटून बसतो आणि कितीही जोराची धार आली तरी जागचा हलत नाही. आम्ही दगडाच्या दोन्ही बाजूंनी हात घालून त्याला पकडायचो. दगड उचलला की तो कधीकधी दगडाबरोबरच वर यायचा. नगरपालिकेपासून राष्ट्रीयीकृत बँकेपर्यंत असा स्वभाव असलेली पुष्कळ मंडळी मी पुढे पाहिली, पण मळ्याची धार निर्मळ होती, एवढा फरक.

आबांचे काही दंडक होते. ते त्यांनी कधी दंडक म्हणून सांगितले नाहीत. आपण मोडले की कळायचे. जूनच्या पहिल्या पाण्याला मासा धारेविरुद्ध वर चढतो, मादीचं पोट गाभोळीनं भरलेलं असतं. तेव्हा अख्खं गाव टोपल्या, जुनी धोतरं, मच्छरदाण्या घेऊन नदीवर असायचं. आबा त्या आठवड्यात नदीकडे फिरकायचे नाहीत. आणि मरळ पिलांबरोबर दिसली की काठी गुंडाळायची. मरळीचं हे पाहण्यासारखं असतं. लालसर पिलांचा एक पुंजका पाण्यावर खालीवर होत असतो, उकळत्या आमटीसारखा, आणि त्याच्या खाली आई-बाप राखणीला असतात. पिलांवर झेप घालणाऱ्या कशावरही ती दोघं तुटून पडतात. अशा वेळी बेडकाचं आमिष लावून काही लोक मरळ धरत, कारण ती रागानं हमखास तोंड मारते. आबा म्हणायचे, "ती भुकंनं न्हाई खात, राखण करती." एवढंच. पुढं काही नाही.

तिसरा दंडक विषाचा. उन्हाळ्यात डोह लहान झाले की काही जण रामेठ्याचा पाला किंवा गेळफळं ठेचून पाण्यात टाकत. मासे गुंगी येऊन वर तरंगतात. नंतर नंतर तर डोहात सुरुंगाची दारू फोडणारेही आले. खडी फोडायला दारू लागायची, आणि पाषाण म्हणजे नावाप्रमाणेच दगडाचं गाव. एका स्फोटात डोहातलं लहानमोठं सगळं पांढरं पोट करून वर यायचं. त्यातलं मोठं तेवढं घेऊन जायचे, बाकीचं तिथंच. अशा एका दुपारी आबांना मी डोहाकाठी उभं पाहिलं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्याही दिवशी नाहीत. आठवड्यानं आले आणि दुसऱ्या डोहावर जाऊन बसले.

आता घरातली गोष्ट. आमच्याकडे माशाचं नाव काढायची सोय नव्हती. धरलेले मासे मी आबांना द्यायचो किंवा शेजारच्या काकूंना. पण एकदा आबांच्या घरी जेवलो. तव्यावर परतलेली शिंगटी, लसूण, लाल तिखट, आमसूल, आणि ज्वारीची भाकरी. ती चव काय होती ते सांगत नाही, कारण आमच्या सौभाग्यवती पुढच्या रांगेत बसल्या आहेत. घरी आलो. आईनं हात बघितले, वास घेतला. मी गप्प. ती आत गेली, चुलीतली राख आणि लिंबाची फोड घेऊन आली आणि मोरीपाशी माझे दोन्ही हात मनगटापर्यंत घासले. मग परत वास घेतला, परत घासले. बाबा यायच्या आत. त्या दिवशी तिनं मला विचारलं नाही, पुढंही कधी विचारलं नाही. फक्त मोरीच्या कोनाड्यात लिंबाची एक फोड कायम राहायला लागली.

मग मॅट्रिक, कॉलेज, 1973 साली बँक. सांगोला, चिपळूण, नांदेड, परत पुणे. चिपळूणला असताना वाशिष्ठीवर बसायचो. आमचे शाखाधिकारी म्हणायचे की अधिकाऱ्यानं गळ घेऊन बसणं बँकेच्या प्रतिमेला शोभत नाही. मी त्यांना म्हणालो, ठेवी गोळा करताना आपण दुसरं काय करतो? माझा त्या वर्षीचा गोपनीय अहवाल मध्यम आला.

फ्लॅट इथं घेतला तो या नदीसाठीच. आज पहिल्यांदा जाहीर सांगतो, कारण तेव्हा घरी मी 'भाव परवडतो' असं कारण दिलं होतं. 2000 मध्ये नदी पूर्वीची राहिली नव्हती, पण मेली नव्हती. मागच्या भिंतीला तेव्हा लोखंडी फाटक होतं, आठवत असेल जुन्या सभासदांना. रविवारी मी तिकडून उतरायचो. चिलापी लागायची, एखादी शिंगटी. चिलापी ही आपल्याकडची नव्हे, बाहेरून आणून सोडलेली, आणि ती कुठेही जगते. मळ्या मला तेव्हाही दिसला नाही.

इथं जरा विषयांतर करतो, पण ते तुम्हाला आवडेल. बी विंगमध्ये प्राणिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका राहतात. त्यांनी मला एक झेरॉक्स दिली. कर्नल साइक्स नावाचा कंपनी सरकारचा एक अधिकारी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला इकडे होता. त्यानं इथल्या नद्यांतले मासे गोळा करून त्यांची चित्रं काढवून घेतली आणि 1839 च्या सुमारास लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढं मांडली. नव्या जातींना शास्त्रीय नावं द्यायची वेळ आली तेव्हा या माणसानं काय करावं? आपल्या भोयांनी सांगितलेली नावं त्यानं तशीच लॅटिनच्या मागं लावून टाकली. म्हणून आजही जगभरच्या शास्त्रज्ञांच्या कागदांत घोगरा हा 'गोग्रा' आहे, शिंगाळा 'सीनघला' आहे, कोळस 'कोलस' आहे, नुकटा 'नुकटा'च आहे. महसीर म्हणून ज्याचा बोलबाला असतो त्या आपल्या खडशीचं शास्त्रीय नाव 'खुद्री', आणि तो मासा त्यानं नोंदला पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत. आणि माझा मळ्या? 'गारा मुल्या'! मी ती झेरॉक्स घेऊन रात्री बराच वेळ बसलो होतो. त्या काळीही नदीकाठी कुणीतरी आबा असणार. साहेबानं विचारलं असणार हे काय, आणि विडी न काढता त्यानं सांगितलं असणार, "मळ्या."

आता मी ज्यासाठी माईक मागितला ते.

2006 च्या पावसाळ्यात मी आपल्या सोसायटीचा खजिनदार होतो. जुन्या मंडळींना तो जुलै आठवेल. ड्रेनेजचे चेंबर तुंबले आणि तळमजल्यावरच्या तीन घरांत न्हाणीघरातून घाण पाणी वर यायला लागलं. त्यातल्या एका घरात अंथरुणाला खिळलेल्या आजी होत्या. रात्री अकराला त्यांचा मुलगा माझ्या दारात उभा. त्याच्या पायात गमबूट होते. दुसऱ्या दिवशी कंत्राटदार आला. त्यानं सुचवलं की शेवटच्या चेंबरपासून भिंतीखालून सहा इंची पाइप नदीत काढू, पाणी चढलं की तिकडून निघून जाईल. "पावसाळ्यापुरती सोय, साहेब. दिवाळीत बंद करून टाकू." खर्च 18,400 रुपये. मी व्हाउचर केलं, 'किरकोळ दुरुस्ती' या खात्यात टाकलं, आणि चेकवर सही केली. त्या वेळी दुसरं काय करता आलं असतं हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. त्या रात्रीपुरतं काही नाही. पण दिवाळीत? दिवाळी आली, कुणाची तक्रार नव्हती, आणि तक्रार नाही म्हणजे काम झालं, हा आमचा बँकेतला शिरस्ता. पाइप राहिला.

पुढचं गणित सोपं आहे. नदीकडचा पाइप मुख्य लाइनच्या तोंडापेक्षा थोडा खाली बसला होता. पाणी नेहमी सोप्या वाटेनं जातं. मुख्य लाइनकडचं तोंड हळूहळू गाळानं भरत गेलं आणि सगळा ओघ नदीकडे लागला. चेंबर तुंबायचे थांबले, म्हणून कुणी झाकण उघडून पाहिलं नाही. दरवर्षीच्या सभेत आपण नाल्याच्या वासाबद्दल ठराव करत होतो. मी स्वतः दोनदा अनुमोदन दिलं आहे.

2010 च्या ऑक्टोबरात नदीला पूर आला, पाणी भिंतीला लागलं, आणि त्यानंतर आपण फाटक काढून तिथं भिंत बांधली. तेव्हापासून मीही तिकडं गेलो नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बंगळूरहून नातू आला. नऊ वर्षांचा. मोबाईलवर मासेमारीचे व्हिडिओ बघून त्यानं माझ्याकडे गळाचा हट्ट धरला. मी माळ्यावरची काठी काढली, नवा दोरा बांधला, ज्वारीचं ताट कुठून आणणार म्हणून थर्माकोलचा तुकडा लावला, आणि पुलाकडून वळसा घालून आम्ही खाली उतरलो.

काय दिसलं ते तुम्ही वरून रोज बघता. जलपर्णी, पिशव्या, काळं पाणी. गांडूळ लावून गळ टाकला. अर्ध्या तासात तुकडा एकदाही हलला नाही. नातवानं विचारलं, मासे कुठं गेले? मला प्राध्यापिकाबाईंनी शिकवलेलं सांगितलं. पाण्यातही हवा असते. स्वच्छ वाहत्या पाण्यात लिटरमागं साधारण आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. मैला पाण्यात आला की तो कुजवणारे जंतू वाढतात आणि हा प्राणवायू वापरून टाकतात. चार-पाचाच्या खाली गेला की बहुतेक माशांचा जीव घाबरा होतो. मळ्यासारख्या वाहत्या पाण्यातल्या माशाचा सगळ्यांत आधी. वर तोंड काढून हवेतला श्वास घेऊ शकतात ते थोडे तग धरतात, मरळ त्यातली एक. पण तिला पिलं वाढवायला काठचं गवत आणि उथळ पाणी लागतं, ते कुठंय?

हे सांगत असताना तो भिंतीकडं गेला होता. तिथं आपला पाइप पडत होता. पाइपाभोवती सिमेंटचा थापा आहे आणि ओल्या सिमेंटवर गवंड्यानं खिळ्यानं कोरलंय, 2006. पोरानं विचारलं, "आजोबा, हा कुणाचा पाइप?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

आबांना मी गांडूळ धरता येतं म्हणालो तेही खोटं होतं, पण त्यातून मी काही शिकलो. या खोट्यातून काय निघणार होतं? रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्याला सांगितलं, तो आपला पाइप, आणि त्याच्या बिलावर माझी सही आहे. तो म्हणाला, "मग काढून टाका ना." आणि पोहे खायला लागला.

सेक्रेटरीसाहेबांना मी त्याच आठवड्यात भेटलो. त्यांनी कंत्राटदार बोलावून अंदाज घेतला. मुख्य लाइनपर्यंत नवा उताराचा पाइप, पाणी उलटं घरात येऊ नये म्हणून झडपेचा व्हॉल्व्ह, आणि नदीकडचं तोंड कायमचं बंद, मिळून 2,35,200 रुपये. आपले 48 फ्लॅट, म्हणजे घरटी 4,900. तळमजल्याच्या मंडळींना माझं खास सांगणं की व्हॉल्व्ह बसल्याशिवाय नदीकडचं तोंड बंद करायचं नाही, ही अट मी स्वतः अंदाजपत्रकात लिहून घेतली आहे. 2006 ची ती रात्र मी विसरलेलो नाही.

यावर मला लिफ्टमध्ये एक प्रश्न दोन-तीनदा विचारला गेला. तो रास्त आहे. आपण एकट्यानं बंद करून काय होणार? वर किती पाइप आहेत! मी मोजलेत. आपल्या भिंतीपासून पुलापर्यंत आपला धरून बारा. सदतीस वर्षं मी थकीत कर्जदारांकडून हेच वाक्य ऐकत आलो, "साहेब, मी एकट्यानं भरून बँक वर येणार आहे का?" त्यांना जे उत्तर द्यायचो तेच इथं देतो: तुमचा हप्ता तेवढा सांगा.

शिवाय एक हिशेब आपण घालत नाही. आपली रामनदी मुळेत जाते, मुळा-मुठा भीमेत, आणि भीमा उजनीच्या धरणात. आपल्या चौकात आबांच्या नातवाचा माशांचा गाळा आहे. चांगला माल असतो, रोहू, कटला, मरळसुद्धा. त्याला मी विचारलं, कुठून आणतोस? म्हणाला, "भिगवणहून, काका. उजनीचा मासा." म्हणजे जे आपण इथं सोडतो ते शंभर किलोमीटरवर साठतं, आणि त्यातलं जे वाढतं ते बर्फ घालून आपल्याच चौकात परत येतं. आम्ही शाकाहारी म्हणून सुटलो असं कुणी समजू नये. त्याच पाण्यावर भाजी पण होते.

जुलैत प्राध्यापिकाबाई, त्यांचे यजमान आणि मी भुकूमच्या वरच्या अंगाला गेलो होतो. भर पाऊस. एका छोट्या ओहोळाचं पाणी नितळ होतं, गुडघाभर. मी पॅन्ट दुमडून आत उतरलो, या वयात, बाई ओरडत होत्या. एका दगडाच्या दोन्ही बाजूंनी हात घातले. हाताला काहीतरी गुळगुळीत लागलं आणि निसटलं. मी दगड हळूच उचलला. तळाला एक चिकटून होता, माझ्या मधल्या बोटाएवढा. बाईंनी चष्मा पुसून पाहिला आणि म्हणाल्या, "हाच." मी दगड होता तसा परत ठेवला.

काठी बरोबर नेली होती. ती गाडीतच राहिली.

तर येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय सात नंबरला आहे, पार्किंगच्या विषयानंतर. पार्किंगचा विषय लांबला की लोक उठून जातात असा आपला पंचवीस वर्षांचा अनुभव आहे, म्हणून तो आधी घ्यावा अशी मी अध्यक्षांना विनंती केली आहे. माझे 4,900 मी आगाऊ भरले आहेत, पावती ऑफिसात आहे. ज्यांना पाइप प्रत्यक्ष पाहायचा असेल त्यांनी रविवारी सकाळी साडेसहाला गेटपाशी यावं. पुलाकडून खाली उतरावं लागतं, उतार निसरडा आहे, जुन्या चपला घाला. नातू तेव्हा इथंच असेल. खिळ्यानं कोरलेला आकडा तो दाखवील.